महादूचं नाव

मास्तर, तुम्हाला जाऊन चौदा दिवस झाले आणि धर्मशाळेच्या ओसरीवर तुमची घोंगडी अजून तशीच अंथरलेली आहे. ती गुंडाळायला कोणी धजत नाही. परवा एका दलालानं तिच्यावर बसायला पाय टाकला, तर मी असा खेकसलो की तो दिवसभर माझ्याकडे बघेना. तुम्ही असता तर म्हणाला असता, "किसन, आवाज खाली." तुमचा आवाज कधी वर गेलाच नाही, आणि हाच माझा तुमच्यावरचा मोठा राग होता. समोरचा माणूस भांडायला कंबर कसून उभा राहिला आणि तुम्ही त्याला शांतपणे व्याकरण सांगितलं, तर त्या बिचाऱ्यानं करावं तरी काय?

तुमचा जन्म कुठला, शिकलात कुठे, पुणं सोडून या वऱ्हाडात काहून आलात, हे ज्यांना लिहायचं ते लिहितील. मला तुमच्याशी राहिलेलं भांडण पुरं करायचं आहे. आणि एक गोष्ट कबूल करायची आहे. तुम्ही अंथरुणावर होता तेव्हा ती रोज ओठांवर यायची आणि मी रोज गिळायचो. शुद्ध लिहायचा प्रयत्न करतो. मधेच मले-तुले आलं तर चालवून घ्या, शेवटी तुम्हीही ते उचललंच होतं.

आठवतं ना, कसं उचललंत ते? तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे आमच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. अमरावतीत जो तो गोऱ्या व्यापाऱ्याशी बोलायला इंग्रजी शिकायला निघाला. तुमच्या वर्गात मिशांना कापूस चिकटलेले दलाल, मोठाल्या पागोट्यांचे अडत्ये आणि त्यांच्यामध्ये मी, अंजनगावच्या पानमळ्यातला माळी. त्यांना पाहिजे होतं भाव, वजन, माल याचं इंग्रजी. तुम्ही म्हणालात, आधी सर्वनामं. महिनाभर ‘ही’ म्हणजे तो, ‘शी’ म्हणजे ती, ‘दे’ म्हणजे ते. एक अडत्या कंटाळून म्हणाला, "मास्तर, हे तो-ती काय विकायचं हाये का आमाले?" तुम्ही हसलात. "विकताना गिऱ्हाइकाला ‘तो देईल’ असं लिहून दिलंत आणि तिथं दोघं उभे असले, तर कोण देणार?"

आणि तो ‘मी’चा घोळ. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात शिरेना की इंग्रजीतला ‘मी’ हा आपला ‘मी’ नव्हे. जो तो छातीवर हात ठेवून ‘मी गो’, ‘मी कम’. तुम्ही आठ दिवस पुण्याच्या भाषेत कर्ता-कर्म सांगितलंत. नवव्या दिवशी फळ्यावर लिहिलंत, ‘आय’ म्हणजे मी, ‘मी’ म्हणजे मले. सगळ्या ओसरीत एकदम उजेड पडला. पुण्याच्या माणसाच्या तोंडून ‘मले’ ऐकून दलाल एकमेकांना कोपरानं ढोसत होते. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. शिकवणं होत असेल तर तुम्ही काहीही बोलला असता.

तुमचा मला सगळ्यात आवडलेला धडा बाजारातल्या गाड्यांचा. आम्हाला कापसाच्या बाजारात नेलंत, तिथे दोनशे गाड्या उभ्या. म्हणालात, "किसन, ती गाडी आण." मी विचारलं, कोणती? "ज्या गाडीचं जू तुटलंय ती." मी गेलो, हात लावून आलो. तुम्ही म्हणालात, "आता ‘ज्या गाडीचं जू तुटलंय’ एवढे शब्द काढून टाक. सापडते का गाडी? नाही. म्हणून हे शब्द वाक्याला धरून राहतात, त्यांच्या आजूबाजूला स्वल्पविराम द्यायचा नाही. आता सांग, तुझे वडील कुठं राहतात?" मी म्हणालो, अंजनगावला. "माझे वडील, जे अंजनगावला राहतात, ते पानमळा करतात. यातलं अंजनगाव काढलं तर दुसरे वडील येतात का तुला?" सगळे खदखदून हसले. "तिथं स्वल्पविराम दे. ते शब्द पाहुणे आहेत, आले काय, गेले काय." मास्तर, त्या दिवसापासून बाजारात उभं राहिलं की मला माणसं अशीच दिसतात. कोणाचं काय काढलं की तो ओळखू येणार नाही, हे मी बघत बसतो.

पुढे तुम्ही मला मदतनीस केलंत. वर्गात फळा, दुपारी अर्ज. मराठी अर्ज कारकुनांच्या दप्तरात महिनोन् महिने पडून राहायचे आणि इंग्रजी अर्ज थेट जिल्ह्याच्या गोऱ्या साहेबाच्या हातात जायचा, म्हणून लोक आपल्याकडे यायचे. माळ्याच्या हातात टाक दिला म्हणून तुम्हाला काय काय ऐकून घ्यावं लागलं ते मला ठाऊक आहे. तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. त्याबद्दल मी तुमचे उपकार मानले नाहीत, ते आता मानतो. उशीर झाला.

आता त्या शनिवारचं.

गुरुवारी बाजारात कापसाच्या गंजीला आग लागली. कोणीतरी चिलीम ओढली आणि पळाला. माल एका बड्या व्यापाऱ्याचा, साहेबाच्या उठण्याबसण्यातला. शिपायांनी हाताला लागले ते सात गाडीवान उचलून कोठडीत टाकले. कोठडीच्या आसपास कोणाला फिरकू देईनात. आत कोण आहे विचारलं तरी शिपाई दंडुका दाखवायचा. साहेब दौऱ्यावर मेळघाटात निघणार, त्याआधी ज्याचा अर्ज साहेबाच्या हातात पडेल त्याची चौकशी होईल आणि बाकीचे अकोल्याच्या तुरुंगात जातील, एवढं कळलं होतं. तिथून पुढे काळ्या पाण्याची भाषा चालली होती. साहेब सोमवारी निघणार असं बाजारात सगळे म्हणत होते.

त्या शनिवारी सकाळी मी वर्गाला उशिरा आलो. धर्मशाळेचं दार लोटलेलं. तुम्ही आतून विचारलंत, "हू इज इट?" मी म्हणालो, "इट इज मी." आत नवे वीस शिष्य बसलेले, त्यांतले निम्मे माझ्याहून लहान. तुम्ही म्हणालात, "पुन्हा." मला कळलं तुम्हाला काय पाहिजे ते. पण उन्हातून धावत आलो होतो, आणि आतून कोणीतरी फिसकन हसलं. मी पुन्हा तेच म्हणालो. तुम्ही मला बाहेर उभं ठेवलंत. अर्धा वर्ग होईपर्यंत मी दाराबाहेर, जोड्यांजवळ. शेवटी ‘इट इज आय’ म्हणून आत आलो, तेव्हा माझे कान तापले होते. मास्तर, मदतनीसाला असं उभं करतात का? हे भांडण मी तेव्हा केलं नाही, आज करतो. तुमचं चुकलं होतं.

वर्ग सुटला आणि ती आली. पदर कपाळाच्या खाली ओढलेला, पायांवर धूळ. मी तिला दारातच ओळखलं. आमच्याच गावची सून, सारजा. तिचा नवरा माझ्याहून चार वर्षांनी लहान, मला दादा म्हणणारा. त्या नात्यानं मी तिचा भासरा. आमच्याकडे सून भासऱ्याशी बोलत नाही, त्याच्यासमोर तोंड उघडत नाही. तिनंही मला ओळखलं, पदर आणखी ओढला आणि खांबाच्या आडोशाला बसली. पुण्याच्या माणसाला यातलं काय कळणार? तुम्ही एवढंच म्हणालात, "किसन, अंजनगावकडची दिसते, तुमच्या भागातली." मी टाक पुसत म्हणालो, "भाग मोठा आहे, मास्तर."

तिनं सांगितलं. आग लागली तेव्हा तिचा नवरा विहिरीवर बैलांना पाणी दाखवत होता आणि ती सोबत होती. त्याचा आगीशी काही संबंध नाही. तुम्ही कागद ओढला आणि विचारलंत, नाव काय त्याचं? ती गप्प. नवऱ्याचं नाव ती कशी घेणार? बायका अशा वेळी शेजारच्याकडे बघतात आणि शेजारचा नाव सांगतो. आमच्याकडे ही रोजची गोष्ट आहे. शेजारी मी होतो.

महिन्यापूर्वी अशाच एका बाईसाठी आपण लिहिलेला अर्ज तुमच्या डोळ्यांपुढे होता, तुमचंही बरोबरच होतं. त्या बाईनं साहेबापुढे नाव घेतलं नाही, तेव्हा हा अर्ज लिहिणाऱ्यानंच रचला म्हणून साहेबानं फाडून टाकला. म्हणून तुम्ही अडून बसलात. "सारजाबाई, नाव आल्याशिवाय मला ‘ही’ लिहिता येत नाही. आत सातजण आहेत. साहेब विचारील, कोणता?"

ती म्हणाली, "ज्यायच्या गाडीचं डावं चाक नवं हाये ते."

"आणखी?"

"ज्यायच्या उजव्या हाताची करंगळी नाई ते. जे इहिरीवर होते ते."

तुम्ही टाक खाली ठेवलात आणि माझ्याकडे बघितलंत. "ऐकलंस, किसन? हिला कोणी शिकवलं नाही. एकातही स्वल्पविराम घालायची सोय नाही." तुमच्या चेहऱ्यावर शिकवताना येतं तसं सुख आलं होतं. मला त्याचाही राग आला. मी मनात म्हणालो, इथं तिचा नवरा मरून राहिला आणि यायले व्याकरण सुचून राहिलं.

तुम्ही पुन्हा म्हणालात, नाव. तुमचा हट्ट आता नुसत्या अर्जाचा राहिला नव्हता. "नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणता. इथं न घेतल्यानं होईल, बाई." ती म्हणाली, "मास्तर, तुमी शिकलेले. मह्या तोंडून नाई निघणार. दुसरं काई बी विचारा." मग तुम्ही ओसरीवर सगळ्यांना विचारलंत, कोणाला माहीत आहे का याचं नाव? दलालांनी नाही म्हणून माना हलवल्या. तुमची नजर माझ्यावर आली आणि थांबली. मी टाकाचं टोक घासत बसलो.

मास्तर, नाव मला माहीत होतं.

दुष्टपणानं नाही केलं, असं मी स्वतःला समजावत होतो. म्हटलं, तासभर यायले घाम फुटू दे. नावाशिवाय ‘ही’ नाही म्हणतात ना, मग शोधू दे नाव. दुपारी सांगेन. साहेब काय सोमवारी जाणार. दुपारी वाटलं, आता सांगितलं तर विचारतील, सकाळी काहून नाही सांगितलंस? मग काय तोंड दाखवू? ऊन ओसरीवरून उतरून अंगणात गेलं. सारजा खांबाआड बसलेली, पाण्याचा घोटही घेतला नाही. दर घटकेला मला वाटायचं, आता बोलावं, आणि दर घटकेला बोलणं आणखी अवघड व्हायचं. राग कधीच गेला होता. उरली होती ती नुसती लाज, आणि लाजेनं माझं तोंड रागापेक्षा घट्ट शिवलं.

दिवेलागणीला बातमी आली. साहेबाचे तंबू बैलगाड्यांवर चढले, स्वारी मेळघाटाच्या वाटेला लागली. सोमवारची वाट कोणी पाहिलीच नव्हती. सारजानं भिंतीवर डोकं टेकलं. रडलीही नाही ती. तुम्ही कोरा कागद हातात धरून उभे राहिलात.

रविवारी सकाळी तिचा दीर गावाहून आला. तुम्ही विचारलंत आणि त्यानं श्वास घ्यायच्या आत सांगितलं, "महादू, जी. महादू." एवढंच होतं ते. तुम्ही तिथल्या तिथे मसुदा केलात आणि म्हणालात, मी जातो साहेबाच्या मागे, माझ्यामुळे दिवस गेला. मी म्हणालो, मास्तर, मेळघाटाचं पाणी या दिवसांत वाईट, बाहेरच्या माणसाला ताप येतो, मी जातो. तुम्ही म्हणालात, "तू वर्ग घे. ‘हू’ आणि ‘हूम’ राहिलेत." आणि सारजा आणि तिच्या दिराबरोबर त्यांच्याच गाडीत बसून निघालात.

मी वर्ग घेतला नाही. सोमवारी सातही जणांना साखळ्या घालून अकोल्याला नेलं, त्यांच्या मागे मी पायी गेलो. तुरुंगाच्या भिंतीबाहेर उभं राहून मी महादूला हाक मारली. एकदा नाही, दहादा. शिपायानं हाकललं तोवर. सगळ्या अकोल्यानं ऐकलं असेल ते नाव, आणि तिथे त्याचा कोणाला काही उपयोग नव्हता.

तुम्हाला साहेब सेमाडोहला सापडला नाही, पार धारणीला सापडला, हे मला दिरानं नंतर सांगितलं. रस्ता म्हणावा असा रस्ता नाही, ओढ्यांतून गाडी ढकलायला तुम्हीही उतरायचे. साहेबानं अर्ज वाचला, सारजाला विहिरीचं विचारलं, दिराला नाव विचारलं, आणि महादूला सोडायचा हुकूम घोडेस्वाराबरोबर अकोल्याला धाडला. महादू सुटला. तुम्ही परत आलात ते गाडीत आडवे पडून, दोन घोंगड्यांखाली दात वाजत.

तुमचा तो मसुदा माझ्याजवळ आहे. दुसऱ्या ओळीत ‘ही’ दोनदा आलाय आणि दुसरा ‘ही’ महादूचा की व्यापाऱ्याचा ते कळत नाही. तुमच्या हातून असं व्हावं. शिष्याच्या पाटीवर दिसलं असतं तर तुम्ही पाटी परत केली असती. मी ते दुरुस्त केलं नाही. घाईत लिहिलंत, आणि ती घाई कोणामुळे झाली हे मला माहीत आहे.

आठ दिवस तुमच्या उशाशी मी होतो. ताप चढला की तुम्ही पुण्यातल्या कोणाकोणाशी बोलायचे, उतरला की मला ओळखायचे. एकदा विचारलंत, "‘हूम’पर्यंत आलास का?" मी म्हणालो, आलो. ते खोटं होतं. तुम्ही मान हलवून डोळे मिटलेत.

काल महादू आणि सारजा आले. महादूच्या घोट्यांवर बेड्यांचे वण आहेत. त्यानं तुमच्या घोंगडीला हात लावून डोळ्यांना लावला आणि अंगणात बसला. मला म्हणाला, "दादा, मास्तराले पाहता आलं नाई." माझ्यानं राहवलं नाही. मी त्याला सगळं सांगितलं. त्या दिवशी मी इथेच होतो, तुझं नाव मला माहीत होतं, आणि मी ते सांगितलं नाही. त्यानं मला शिवी दिली असती तर मी ती घेतली असती.

तेव्हा खांबामागून सारजा बोलली. माझ्याशी. भासऱ्याशी. पदर तसाच खाली होता, पण आवाज थेट माझ्याकडे.

"भाऊजी, मले माईत होतं तुमाले माईत हाये म्हणून. दिवसभर मी तुमच्याकडंच पाहून राहिली होती."

मी विचारलं, मास्तरांनाही माहीत होतं?

"त्यायले म्या परतवाड्याच्या वाटेवर सांगतलं, तुमी आमच्याच गावचे म्हणून. ते म्हणले, मले तेव्हाच वाटलं होतं, किसनले नाव माईत असन म्हणून. त्याले सकाळी म्याच बाहेर उभं ठेवलं, त्याचा राग होता तो." "मग म्हणले, सारजाबाई, किसनले तुमी काई बोलू नका. तो आपणहून सांगीन मले."

मास्तर, त्या आठ दिवसांत रोज संध्याकाळी ताप उतरला की तुम्ही माझा हात धरून विचारायचे, "आणखी काही, किसन?" मला वाटायचं, वर्गाचं विचारताय. मी म्हणायचो, काही नाही, मास्तर. पाणी देऊ का?